डेव्हलपरचा स्क्रम मास्टर होताना

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नागपुरात मिहानमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत साडेआठ वर्षांपासून जावा डेव्हलपर म्हणून काम करतो. आमच्या टीममध्ये नऊ जण असून ग्राहक परदेशातील एक विमा कंपनी आहे. आमची टीम स्क्रम पद्धतीने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत, काम करते. ती पद्धत नीट चालावी हे पाहणाऱ्या आमच्या स्क्रम मास्टर मॅडम तीन महिन्यांपूर्वी नोकरी बदलून हैदराबादला गेल्या आणि तेव्हापासून रोजचा स्टँडअप (उभ्याने होणारी छोटी बैठक) घेणे, स्प्रिंटचे म्हणजे प्रत्येक टप्प्याचे प्लॅनिंग करणे, जिरा या सॉफ्टवेअरवरील कामांचा बोर्ड सांभाळणे ही कामे माझ्याकडे आली. ही कामे मला आवडू लागली आहेत. मॅनेजर म्हणतात, "सर्टिफिकेशन करून घ्या, मग एप्रिलमध्ये विचार करू." सीताबर्डीवरील एका क्लासने ३५ हजार रुपये फी सांगितली असून "१०० टक्के पास आणि नोकरीची हमी" असे त्यांच्या पत्रकावर छापलेले आहे. पीएसएम, सीएसएम, सेफ, पीएमआय अशी प्रमाणपत्रांची आणि संस्थांची इतकी नावे ऐकू येतात की नेमके काय निवडावे ते कळत नाही. पत्नीची शंका वेगळीच आहे. ती म्हणते, कोडिंग एकदा हातचे सुटले आणि उद्या ही भूमिकाच राहिली नाही, तर काय करणार? आईवडील इथेच असल्यामुळे पुण्याला जाण्याचा विचार नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
(एक वाचक, मनीषनगर, नागपूर)

उत्तर : तुमच्या मॅनेजरच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. एप्रिलमध्ये "विचार करू" असे ते म्हणाले, पण विचार कशाचा करणार हे त्यांनी सांगितलेले नाही आणि तुम्हीही विचारलेले दिसत नाही. पदनाम बदलणार की केवळ कामाची वाटणी बदलणार, पगाराची श्रेणी काय राहणार, आणि तुमच्या वाट्याचे कोडिंग दुसरे कोणी करणार की तेही तुमच्याच गळ्यात राहणार, हे परीक्षेची फी भरण्यापूर्वी विचारून घ्या आणि उत्तर ईमेलवर मागा. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. एप्रिल येईपर्यंत मॅनेजरच बदलून गेलेला असतो, हा अनुभव आपल्या क्षेत्रात कोणाला नवा आहे?

आता प्रमाणपत्राकडे येऊ. तुम्ही हे काम तीन महिन्यांपासून प्रत्यक्ष करीत आहात, त्यामुळे कामाची ओळख व्हावी म्हणून तुम्हाला प्रमाणपत्राची गरज नाही. मनुष्यबळ विभागाच्या चाळणीत तुमचे नाव अडकू नये म्हणून ते लागेल, हे उघड आहे. पण त्याचा आणखी एक उपयोग आहे आणि मला तोच मोठा वाटतो. आपण जे काम आधीच्या मॅडमचे पाहून पाहून शिकलो, त्यातले स्क्रमचे किती आणि आपल्या ऑफिसची सवय किती, हे अभ्यास केल्याशिवाय वेगळे करता येत नाही.

स्वतःच्या खिशातून पैसे भरायचे असतील, तर माझे मत पीएसएम-१ (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) या परीक्षेच्या बाजूने आहे. ती स्क्रम डॉट ऑर्ग ही संस्था घेते. तिच्यासाठी क्लास लावण्याची सक्ती नाही. परीक्षा घरी बसून ऑनलाइन देता येते, ६० मिनिटांत ८० प्रश्न सोडवायचे असतात, ८५ टक्के म्हणजे ६८ उत्तरे बरोबर आली तरच उत्तीर्ण होता येते, आणि एकदा मिळालेल्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. फी २०० डॉलरच्या घरात आहे. ती बदलत असल्यामुळे संस्थेच्या संकेतस्थळावर पाहूनच भरावी, आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले कार्ड जवळ ठेवावे. नापास झाल्यास दुसऱ्या प्रयत्नासाठी पुन्हा फी भरावी लागते, हेही हिशोबात धरा.

स्क्रम अलायन्स या संस्थेच्या सीएसएमची (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) तऱ्हा वेगळी आहे. तेथे मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे साधारण दोन दिवसांचा वर्ग करणे बंधनकारक असते आणि खर्चाचा मोठा भाग त्या वर्गाचाच असतो. परीक्षा मानाने सोपी आहे. एका तासात ५० प्रश्न असतात आणि त्यांपैकी ३७ बरोबर आले की झाले. मात्र दर दोन वर्षांनी १०० डॉलर भरून आणि शिक्षणाची २० एकके दाखवून ते प्रमाणपत्र नव्याने चालू करून घ्यावे लागते. कंपनी पैसे देणार असेल, तर सीएसएम जरूर करा, कारण चांगल्या प्रशिक्षकासमोर बसून दोन दिवस वाद घालण्यात जे मिळते ते एकट्याने वाचून मिळत नाही. गंमत अशी की, या दोन्ही संस्थांच्या मुळाशी केन श्वेबर हेच गृहस्थ आहेत. जेफ सदरलंड यांच्यासह त्यांनी स्क्रम मांडले, स्क्रम अलायन्सच्या स्थापनेतही ते होते, आणि २००९ मध्ये तेथून बाहेर पडून त्यांनी स्क्रम डॉट ऑर्ग काढली. थोडक्यात, ही भावकी आहे. दोन्हींकडचा मूळ ग्रंथ, म्हणजे स्क्रम गाइड, एकच असल्यामुळे कोणते प्रमाणपत्र श्रेष्ठ यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही.

'सेफ'चे प्रमाणपत्र तेव्हाच घ्या, जेव्हा तुमचा विमा कंपनीचा ग्राहक त्या पद्धतीने अनेक टीम एकत्र चालवत असेल. त्याचे नूतनीकरण वरचेवर करावे लागते आणि जेथे ती पद्धत नाही तेथे त्याला फारसे कोणी विचारत नाही. पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या अ‍ॅजाइल प्रमाणपत्राला (अ‍ॅजाइल हे स्क्रमसारख्या पद्धतींचे एकत्रित नाव) कामाच्या अनुभवाची अट आहे, तेव्हा त्याचा विचार वर्षभर या भूमिकेत काढल्यावर करावा.

राहिला प्रश्न त्या ३५ हजारांच्या क्लासचा. ज्या परीक्षेचा निकाल दुसऱ्या देशातील संस्था लावते, तिच्यात १०० टक्के पास करून देण्याची हमी नागपुरातला क्लास कशाच्या जोरावर देतो, हे त्यांना समोर बसून विचारा. सीएसएमचा वर्ग असल्याचे ते सांगत असतील, तर प्रशिक्षकाचे नाव मागून घ्या आणि ते स्क्रम अलायन्सच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का ते पाहा. नाव सांगायला टाळाटाळ झाली की तेथून उठून यावे. "परीक्षेच्या वेळी आमचा माणूस शेजारी बसेल" असे कोणी म्हणाले, तर उठायलाही उशीर झाला असे समजा.

अभ्यासासाठी मुळात एकच पुस्तिका आहे. स्क्रम गाइड ही जेमतेम १३-१४ पानांची पुस्तिका विनामूल्य मिळते आणि सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची आहे. पाने कमी म्हणून अनुभवी माणसे ती एका बैठकीत वाचून काढतात आणि परीक्षेत नेमकी तीच माणसे घसरतात, कारण ती प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेतून देण्याऐवजी आपल्या ऑफिसातून देतात. एक प्रश्न नमुन्यादाखल घेऊ. स्प्रिंट अर्धा झाला असताना ग्राहकाचे धोरण बदलले आणि स्प्रिंटचे उद्दिष्टच निरर्थक ठरले, तर स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार कोणाला? तुमच्या कंपनीत हा निर्णय बहुधा डिलिव्हरी मॅनेजर घेत असतील. पुस्तिकेनुसार तो अधिकार केवळ प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे कोणते काम आधी करायचे ते ठरवणाऱ्याचा, आहे. अशाच आणखी काही गाठी आहेत. "काल काय केले, आज काय करणार, अडचण काय" हे स्टँडअपचे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकले आहेत. स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज), व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पुरे होणारे पॉइंट), यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या शब्दांत मांडलेली गरज) हे शब्द आपण दिवसभर वापरतो, पण पुस्तिकेत ते सापडणार नाहीत. त्या गोष्टी चुकीच्या आहेत असे नाही, स्क्रमने त्या सक्तीच्या केलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

पुस्तिका सलग तीनदा वाचा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन, कोणती गोष्ट केलीच पाहिजे आणि कोणती करता येते, अशा दोन प्रकारच्या वाक्यांवर वेगवेगळ्या खुणा करा. इंग्रजीतील 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांच्यातील फरकावर कितीतरी प्रश्न उभे असतात, आणि आपण बोलताना तिन्हींसाठी "करायचे असते" एवढेच म्हणत असल्यामुळे तेथे आपली गडबड होते. त्यानंतर स्क्रम डॉट ऑर्गवरील 'स्क्रम ओपन' ही ३० प्रश्नांची विनामूल्य सराव परीक्षा, पैकीच्या पैकी गुण लागोपाठ मिळू लागेपर्यंत देत राहा. प्रत्यक्ष परीक्षेत एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात, म्हणून सरावही घड्याळ लावूनच करावा. परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी देऊ नका. त्या वेळी कूलर, इन्व्हर्टर आणि इंटरनेट या तिघांचीही एकदम परीक्षा चालू असते. सकाळी सातची वेळ बरी.

इथवरचे सगळे महिना-दीड महिन्यात उरकते. डेव्हलपर म्हणून लागलेल्या सवयी मोडायला मात्र फार वेळ लागतो, आणि त्याविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण या वाटेने मी स्वतः गेलो आहे.

परसोडीच्या आयटी पार्कमधील एका कंपनीत मी डेव्हलपरचा स्क्रम मास्टर झालो, तेव्हा स्टँडअपला हातात वही घेऊन उभा राहत असे. प्रत्येक जण माझ्याकडे पाहून बोलायचा, मी लिहून घ्यायचो आणि पुढच्याकडे मान वळवायचो. एक नवी टेस्टर मुलगी सोमवारी म्हणाली, "होऊन राहिलं सर." मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी तिने पुन्हा "होऊन राहिलं सर" म्हटल्यावर मी स्टँडअपनंतर तिच्या जागेवर गेलो, तेव्हा कळले की चाचणीच्या सर्व्हरचा पासवर्ड बदलला होता, नवा पासवर्ड दुसऱ्या मजल्यावरील एका सीनियरकडे होता आणि त्यांना विचारायचा तिला संकोच वाटत होता. चार दिवस ती जुन्याच टेस्ट केस नीट करीत बसली होती. माझ्या वहीत मात्र चारही दिवस तिच्या नावापुढे बरोबरची खूण होती. तिच्याच शेजारी बसणाऱ्या डेव्हलपरकडे तो पासवर्ड आदल्या आठवड्यापासून होता, पण स्टँडअपमध्ये प्रत्येक जण माझ्याशी बोलत असल्यामुळे एकमेकांचे ऐकण्याचे कोणाला कारणच उरले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी वही ड्रॉवरमध्ये ठेवली आणि बोर्डाच्या बाजूला, सगळ्यांच्या नजरेआड उभा राहू लागलो. पहिले दोन दिवस माणसे मान वाकडी करून मला शोधत होती. तिसऱ्या दिवशी ती एकमेकांशी बोलू लागली. डेली स्क्रम, म्हणजे आपला स्टँडअप, ही डेव्हलपरांची बैठक आहे, असे पुस्तिका सांगते. ते वाक्य मी परीक्षेपूर्वी पाठ केले होते, पण कळले ते त्या गुरुवारी.

दुसरी सवय कीबोर्ड ओढून घेण्याची. रिलीजच्या रात्री एखाद्याला बग सापडत नसतो, आपल्याला तो मागे उभे राहून दिसत असतो, आणि हात शिवशिवतात. मी एकदा खुर्ची ओढून घेतली आणि वीस मिनिटांत बग काढून दिला. सगळे खूश झाले. त्यानंतरच्या तीन रिलीजना ती खुर्ची माझ्यासाठी रिकामीच ठेवलेली असे. तुमचा जावाचा हात साडेआठ वर्षांचा आहे, तेव्हा हा मोह तुम्हालाही होणारच. अशा वेळी मी एक साधा नियम पाळू लागलो. मागे उभे राहून प्रश्न विचारायचे, पण कीबोर्डला हात लावायचा नाही.

तुमच्या पत्नीची शंका हा मला पत्रातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. जानेवारी २०२३ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने अ‍ॅजाइल भूमिकांमधील १,१०० हून अधिक पदे एकदम रद्द केली आणि ते काम इंजिनिअर व प्रॉडक्ट मॅनेजर यांच्या कामात मिसळून टाकले. आपल्या टीमचे ग्राहक बहुतांशी तिकडचेच असल्यामुळे तिकडचे वारे इकडे पोहोचायला वेळ लागत नाही. त्यातून नागपुरात केवळ स्क्रम मास्टर एवढेच पदनाम असलेल्या जागा मुळात थोड्या असतात, आणि पुण्याला जायचे नसेल तर ती भूमिका टीम लीड किंवा डिलिव्हरीच्या कामाला जोडूनच मिळण्याची शक्यता अधिक. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, कोडिंग पूर्ण सोडू नका. स्क्रम मास्टरने स्प्रिंटमधील काम हाती घेतले, तर त्या कामापुरता तोही डेव्हलपर असतो, असे पुस्तिकाच म्हणते. म्हणजे दोन्ही टोप्या घालण्यास मनाई नाही. मात्र ज्या कामावाचून रिलीज अडेल, असे काम स्वतःकडे घेऊ नका. कोड रिव्ह्यू, स्वयंचलित चाचण्या, बिल्डची पाइपलाइन अशी कामे घ्या. त्यांत हातही चालू राहतो आणि टीम नेमकी कोठे अडखळते तेही दिसते. डेव्हलपर असणे ही या भूमिकेत उणीव आहे असे कोणी सुचवले, तर त्यांना एवढे सांगा की, फेब्रुवारी २००१ मध्ये युटामधील स्नोबर्ड येथे ज्या १७ जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यांत केंट बेक, वॉर्ड कनिंगहॅम यांच्यासारखे हाताने कोड लिहिणारे लोक होते.

एप्रिलमधील बोलणीसाठी आतापासून एक नोंद ठेवा. व्हेलॉसिटीचा आलेख नेऊ नका. पॉइंट वाढवून लावले की तो आपोआप चढतो, हे मॅनेजरलाही ठाऊक असते. त्याऐवजी एखादे काम हाती घेतल्यापासून ते ग्राहकापर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात, ते तुम्ही सूत्रे हाती घेतली तेव्हा किती होते आणि आता किती आहे, एवढे जिरावरून काढून ठेवा. आकडा कमी झाला नसेल तर का झाला नाही, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. ते सांगता आले, तर मुलाखतीत तुमचे काम अर्धे झाले.

प्रश्न : मी सहा वर्षे मॅन्युअल टेस्टिंग करते. मला कोडिंग येत नाही. स्क्रम मास्टर होण्यासाठी आधी प्रोग्रॅमिंग शिकावे लागेल का?
(एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर : शिकावे लागणार नाही. परीक्षेत कोडचा एकही प्रश्न नसतो आणि स्क्रम गाइडच्या दृष्टीने टीममध्ये राहून उत्पादन घडवणारा प्रत्येक जण, म्हणजे टेस्टरसुद्धा, डेव्हलपरच असतो. तुमची एक जमेची बाजू अशी की, "झाले" म्हणजे नेमके काय झाले, हे विचारण्याची टेस्टरला सवय असते, आणि 'डेफिनिशन ऑफ डन' ठरवताना टीमला तेच विचारणारे माणूस हवे असते. मात्र ब्रँच, मर्ज, बिल्ड, डिप्लॉयमेंट हे शब्द ऐकल्यावर डोळ्यांसमोर काही चित्र उभे राहील एवढी ओळख करून घ्या. नाहीतर अडचण तांत्रिक आहे की माणसांची, हे ओळखता येणार नाही आणि डेव्हलपर जे सांगतील त्यावर मान डोलवत राहावे लागेल.

प्रश्न : मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. स्क्रम मास्टर आणि प्रॉडक्ट ओनर यांपैकी कोणते प्रमाणपत्र घ्यावे?
(एक वाचक, अमरावती रोड)

उत्तर : प्रॉडक्ट ओनरचे. ग्राहकाला काय हवे आणि त्यातले आधी काय करावे, हे ठरवण्याचे काम तुमच्या आजच्या कामाला लागूनच आहे. स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसपीओ-१ या परीक्षेतही ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि ८५ टक्क्यांची अट असते. अडचण वेगळीच आहे. प्रॉडक्ट ओनरला "नाही" म्हणण्याचा अधिकार असावा लागतो, आणि आपल्याकडील सेवा कंपन्यांत तो अधिकार सहसा परदेशातील ग्राहकाकडे असतो. प्रमाणपत्र घेऊनही रोज बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) दुसऱ्याचा निरोप टंकत बसावे लागणार असेल, तर आधी कंपनी बदलण्याचा विचार करावा.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांपासून डेव्हलपर आहे. रोज रात्रीपर्यंत काम करून तो कंटाळला असून, कोडिंग सोडून स्क्रम मास्टर होतो म्हणतो. त्याला परवानगी द्यावी का?
(एक पालक, महाल)

उत्तर : परवानगीचा प्रश्न तुम्ही पितापुत्रांनी सोडवावा. पण कंटाळा रात्रीच्या कामाचा आहे की कोडिंगचा, हे त्याला एकदा शांतपणे विचारा. रात्रीच्या कामाचा असेल, तर स्क्रम मास्टर झाल्याने तो सुटणार नाही, कारण अमेरिकेतील ग्राहकाबरोबरच्या संध्याकाळच्या बैठका त्याच्याच वाट्याला येतील. दोन वर्षांत एखादा प्रकल्प सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला असतोच असे नाही, आणि जो माणूस टीमला अंदाज कसा चुकतो ते समजावणार, त्याचे स्वतःचे दहा-वीस अंदाज चुकलेले असावेत, असे मला वाटते. पीएसएम-१ त्याने आत्ता दिली तरी हरकत नाही. भूमिका बदलण्याची घाई करू नये.

प्रश्न : माझ्या सीएसएमची दोन वर्षांची मुदत गेल्या महिन्यात संपली. नूतनीकरण करावे की पीएसएम-१ नव्याने द्यावी?
(एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : कंपनी १०० डॉलर भरत असेल आणि २० एकके जमलेली असतील, तर नूतनीकरण करा. त्यात तासाभराचे काम आहे. पैसे तुमचेच जाणार असतील, तर साधारण दोन नूतनीकरणांच्या खर्चात पीएसएम-१ होते आणि पुन्हा तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. मात्र तुम्ही आधीचा अभ्यास २०२० पूर्वीच्या पुस्तिकेवरून केलेला असेल, तर जुन्या टिपणांवर विसंबू नका. 'सर्व्हंट लीडर' (टीमची सेवा करणारा नेता) हा शब्दप्रयोग आणि डेव्हलपमेंट टीम ही वेगळी उपटीम, या दोन्ही गोष्टी नव्या आवृत्तीत नाहीत.